वाहत्या पाण्यावर चिडणारे बशीरभाई

बशीरभाईंची आणि माझी ओळख झाली तेव्हा ते माझ्या बाथरूममध्ये उभे होते आणि मी बाहेर, टॉवेल गुंडाळून, अर्ध्या गालाला फेस लावून.

नवीन पनवेलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. नळाखाली बादली लावून मी हॉलमधल्या आरशासमोर दाढी करत होतो. बादली भरली, वाहू लागली. मला दाढी करताना गुणगुणायची सवय आहे, त्यामुळे ऐकू आलं नाही. दारावर धाडधाड थापा पडल्या. उघडलं तर समोर चौकड्यांची लुंगी, पांढरी दाढी आणि भुवया अशा चढलेल्या, की मला वाटलं खाली आग लागली. "बाजूला व्हा," एवढंच बोलून ते सरळ आत गेले, नळ बंद केला, काठोकाठ भरलेल्या बादलीतलं चार मग पाणी दुसऱ्या बादलीत ओतलं आणि बाहेर आले.

"तुमच्या खाली राहतो. भिंतीतल्या पाइपाचा आवाज येतो मला. तीन मिनिटं वाट बघितली. म्हटलं, मानसाला आज नाय उद्या लाज वाटंल."

"सॉरी," मी म्हणालो.

"मला कशाला सॉरी? मी काय वाहत होतो?"

आतून नीता, म्हणजे माझी बायको, ओरडली, "कोण आलंय हो?"

"माहीत नाही," मी म्हणालो, "पण चिडलेत."

ह्याला आता चौदा वर्षं होतील. ते अजून चिडलेलेच आहेत.

बशीरभाई मूळचे उरणकडच्या एका गावातले. ऐन तारुण्यात आखातात गेले आणि सत्तावीस वर्षं एका कारखान्यात फिटर म्हणून राबले. कारखाना काय करायचा, तर समुद्राचं खारं पाणी उकळून त्याचं गोडं पाणी. परत आले आणि पनवेलला फ्लॅट घेतला. बायको, खैरूनभाभी, त्याआधीच वारल्या होत्या. दोन्ही मुलगे आता तिकडेच आखातात नोकरीला. घरात माणूस एक आणि नट आवळायचे पाने शंभर. भिंतीवर जिथे इतरांच्या घरी निसर्गचित्र असतं, तिथे एक पितळी प्रेशर गेज.

सत्तावीस वर्षं आग पेटवून थेंब थेंब गोडं पाणी मिळवलेला माणूस तो. आणि येऊन पडला कुठे, तर पनवेलला. इथे चार महिने आभाळ फाटतं आणि सगळं पाणी डोंगरावरून ओढ्यात, ओढ्यातून गाढी नदीत, नदीतून खाडीत असं सुसाट पळून जातं. दुसरा कोणी हे बघून सुखावला असता, चहा मागवला असता. बशीरभाई संतापले.

"इसराफ!" ते गॅलरीत उभे राहून पावसाकडे बोट दाखवून ओरडायचे. इसराफ म्हणजे उधळपट्टी. त्यांच्या धर्मात ते पाप आहे, असं त्यांनी मला सांगितलं. माझ्या धर्मातही ते पापच असलं पाहिजे, असं वर बजावलं. "पानी उंचावरून पडतं ना सेक्रेटरी, तवा ताकद घेऊन पडतं. ती ताकद गेली कुठं? खाडीत! तिथं खेकड्या-चिंबोऱ्यांना काय करायची हाय ताकद?"

माझं आडनाव साळवी, पण ते मला सेक्रेटरी म्हणतात, कारण मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. मीटिंगला गेलो नव्हतो, म्हणून झालो.

घराबाहेर पडताना बशीरभाईंच्या खांद्यावर एक खाकी पिशवी असते. तिच्यात गवंडी लोक लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी, एक स्टॉपवॉच आणि एक छोटी बादली. कुठेही वाहतं पाणी दिसलं की त्यांचा एकच प्रश्न: "हेड किती?" म्हणजे पाणी किती उंचीवरून पडतं. आमच्याबरोबर ते एकदा कर्नाळ्याला सहलीला आले. आम्ही पक्षी बघायला गेलो आणि बशीरभाई ओढ्यात उतरले. नळीचं एक टोक माझ्या हातात देऊन ते स्वतः दुसरं टोक घेऊन गुडघाभर पाण्यात, "वर! अजून वर! तुमच्या डोक्याच्या वर धरा, अक्कल जिथं असायला पायजे तिथं!" असं ओरडत होते. एकही पक्षी आसपास राहिला नाही. इतर सहलीवाल्यांनी दुर्बिणी आमच्याकडे वळवल्या.

आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. माझ्या पुतण्याचा साखरपुडा एका रिसॉर्टवर होता. तिथे सिमेंटच्या खडकांचा एक धबधबा होता आणि त्याच्यासमोर जोडप्याचे फोटो काढायचे होते. बशीरभाई धबधब्याच्या मागे गेले. परत आले ते लालबुंद होऊन. "सेक्रेटरी, मागं मोटर हाय! पाच हॉर्सपॉवरची! पानी वरून खाली पाडायला लाइट जाळतात! जे काम पानी फुकटात करतं, त्याच्यासाठी लाइट!" मी त्यांना आवरेपर्यंत ते पुन्हा मागे गेले. साखरपुड्याच्या अल्बममध्ये आज नवरानवरी एका कोरड्या करड्या भिंतीसमोर हसत उभी आहेत. वहिनी माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. बशीरभाईंशी मात्र बोलत होत्या. त्यांच्यावर रागावायची कोणाची टाप नव्हती.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आमच्या बाजारात माथेरानच्या डोंगराखालच्या वाड्यांवरून ठाकूर बायका भाज्या विकायला येतात. त्यांतल्या कमळकडून बशीरभाई पावसाळ्यात टाकळा घ्यायचे. चाळिशीची, काटक बाई, बोलायला बशीरभाईंपेक्षा कमी नाही. एक दिवस ती उशिरा आली. का, तर पाणी भरत होती.

"कुठून आनतेस?"

"वाडीखाली वढा हाय, चाचा. उतरायचं, भरायचं, चढायचं. सात खेपा."

"वढा वाहता हाय?"

"मार्च सरंपर्यंत वाहतो."

"हेड किती?"

"ते काय असतं?"

बशीरभाई भर बाजारात तिच्यावर उखडले. ओढा पडतोय, धावतोय, त्याच्या अंगात ताकद आहे, आणि तुम्ही बाया त्याचं पाणी डोक्यावर घेऊन चढता? तो ओढा आहे का जहागीरदार? कमळ शांतपणे म्हणाली, "मंग तुमी सांगा त्याला चढाया. आमचं आयकत नाय तो."

दुसऱ्या दिवशी खाकी पिशवी वाडीवर पोचली.

तिथून पुढचे चार महिने आमच्या बिल्डिंगमध्ये कानस आणि हातोडा ह्यांशिवाय दुसरा आवाज नव्हता. बशीरभाई पंप बनवत होते. विजेशिवाय आणि डिझेलशिवाय चालणारा, ओढ्याच्या धक्क्यानेच ओढ्याचं पाणी वर ढकलणारा. अशात एके सकाळी आमच्या कमिटीतल्या एकाने कळवलं, की जिन्यातला आग विझवायचा लाल सिलिंडर गायब आहे. मी तत्परतेने नोटीस लावली: 'सोसायटीच्या मालमत्तेची चोरी झालेली आहे.' तासाभरात ती नोटीस हातात घेऊन बशीरभाई माझ्या दारात.

"चोरी काय लिहिता? मी नेला. पंपाला हवेची टाकी पायजे होती. त्या सिलिंडरात सात वर्षं काय नव्हतं. आग लागली असती तर तुमी काय तो आगीच्या डोक्यात घालनार होता?"

"अहो, पण नियम…"

"खाली जाऊन बघा आधी!"

खाली गेलो. जुन्याच्या जागी नवा कोरा, भरलेला सिलिंडर लटकत होता. त्यांनीच आणून लावलेला. नोटीस लिहायच्या घाईत मी जिन्याकडे बघितलंच नव्हतं.

पंप ओढ्यावर बसवला त्या दिवशी मी गेलो होतो. ओढ्यात आठ फुटांचा एक टप्पा होता. तिथून दोन इंची लोखंडी पाइप उतारावरून खाली आणलेला, खाली पितळी झडप, वर तो लाल सिलिंडर, आणि सिलिंडरच्या बुडाशी सुरू होऊन डोंगर चढत गेलेला काळा बारीक पाइप. वाडी साठ फूट वर. बशीरभाईंनी मला समजावलं, "हे बघा. पानी पाइपातून पळत येतं आनि खालच्या झडपेतून बाहेर सांडतं. सांडता सांडता जोर धरतं आनि झडप धाडकन मिटते. पळत्या पान्याला जागा नाय उरत. ते दनका देतं, त्या दनक्यानं थोडंसं पानी वर चढतं. झडप परत उघडते. बारा भाग सांडले पायजेत, तवा एक भाग चढतो. आलं ध्यानात?"

मी मान डोलावली. न समजलेल्या गोष्टीला मी नेहमीच जरा जास्त मान डोलावतो.

त्यांनी हाताने झडप दाबली, सोडली. दाबली, सोडली. आणि पंप आपला आपण चालू झाला. ठक्. ठक्. ठक्. जणू ओढ्याच्या छातीवर कोणी स्टेथोस्कोप ठेवला. पाऊण तासाने वरून बायकांचा गलका ऐकू आला. काळ्या पाइपातून करंगळीएवढी धार वाडीच्या टाकीत पडत होती, आणि ती रात्रंदिवस पडणार होती.

बशीरभाईंनी लगेच वाडीतल्या सगळ्यांना ओढ्यावर गोळा केलं आणि आनंदाच्या त्या क्षणी पुढील भाषण केलं: "ह्या पंपाला कोनी हात लावायचा नाय. बाईनं नाय, बाप्यानं नाय, पोरानं नाय. बंद पडला, मला फोन. चालू हाय, तरी हात नाय. जो हात लावील त्याचा हात मी नट आवळायच्या ह्या पान्यानं पिळून काढीन!"

सगळे घाबरून हो म्हणाले. आता बशीरभाईंच्या डोक्यात दिव्याचं खूळ होतं. पावसाळ्यात ओढ्याला जोर असतो तेव्हा एक छोटं चाक बसवायचं आणि वाडीच्या शाळेत चार बल्ब पेटवायचे.

पण मध्ये फार्महाउस आलं.

ओढ्याच्या वरच्या अंगाला कोणा शेठचं फार्महाउस होतं. शेठ मी कधी बघितला नाही. त्याची हिरवळ बघितली. डिसेंबरात सगळा डोंगर पिवळा पडलेला आणि मध्ये ती हिरवळ, बिलियर्डच्या टेबलासारखी. शेठला तिथे तळं हवं होतं, तळ्यात बदकं आणि मधोमध कारंजं. त्यासाठी ओढ्यावर बांध घालायचा होता, आणि बांधाला खालच्या वाडीची ना हरकत हवी होती. शेठचा मॅनेजर गॉगल लावून वाडीत येऊन गेला. सही द्या, शेठ तुम्हाला रोज टँकर पाठवतील, म्हणाला. निर्णय सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत होणार होता.

मी सहसा चिडत नाही. ऑफिसात, द्रोणागिरीच्या गोदामांत, माझ्या अंगावर कंटेनरवाले ओरडतात तरी मी "बघतो हं" म्हणतो. पण हे ऐकून माझंही डोकं तापलं. बदकांना ओढा आणि माणसांना टँकर! बशीरभाईंबद्दल तर बोलायलाच नको. ते तीन दिवस भिंतीशी बोलत होते. मग म्हणाले, "भांडायची गरज नाय. सव्वीस तारखेपर्यंत पंप ठकठक करत राहिला पायजे, बस. बायकांच्या डोक्यावर हंडा नसला ना, की कोन सही करील?"

गणित बरोबर होतं. चूक एवढीच, की त्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं. डॉक्टरने वाकायला, धुळीत जायला मनाई केली. म्हणून ग्रामसभेच्या आधीच्या रविवारी त्यांनी मला बोलावलं.

"सेक्रेटरी, तुमाला एक काम देतो. वाडीवर जायचं. पंप बघायचा. ठकठक ऐकायची. परत यायचं. काय करायचं?"

"जायचं, बघायचं, ऐकायचं, यायचं."

"आनि करायचं काय?"

"काही नाही."

"शाबास."

ह्याच्यापेक्षा सोपं काम आजवर मला कोणी दिलेलं नाही.

त्याच दुपारी मी गेलो. वाडीची माणसं कामावर, कमळ बाजारात. ओढ्यावर मी आणि पंप. ठकठक चालू होती. मी ऐकली. परत फिरणार, एवढ्यात माझी नजर खालच्या झडपेकडे गेली. प्रत्येक ठकठकीला तिच्यातून पाणी भसाभसा बाहेर पडत होतं. थोडंथोडकं नाही, बादल्याच्या बादल्या. ओढ्यात परत, खाडीकडे, चिंबोऱ्यांकडे!

आता ह्यात माझा काय दोष, ते तुम्हीच सांगा. चौदा वर्षं ज्या माणसाने मला एका ठिबकत्या नळासाठी झोपेतून उठवलं, त्याच्याच पंपातून ही गळती? आणि ग्रामसभा दोन दिवसांवर! बिचाऱ्यांना डोळ्यामुळे दिसलं नसेल, असं मला वाटलं. "इसराफ!" मी मोठ्याने म्हणालो. ओढ्यावर कोणी नव्हतं म्हणून म्हणालो. मग गाडीच्या डिकीतून निळी नायलॉनची दोरी आणली, बांबूचा एक तुकडा तासून पाचर केली, झडप घट्ट मिटवली, पाचर ठोकली आणि दोरीने आवळून बांधली. एक थेंब गळेना. ठकठकही थांबली. मला वाटलं, गळती होती म्हणूनच ती कटकट होत असणार.

घरी येऊन नीताला म्हणालो, "आज एक चांगलं काम केलं." ती म्हणाली, "कोणाचं नुकसान झालं?" बायकांना कसं कळतं कोण जाणे.

बशीरभाईंना मी फक्त "सगळं ठीक" एवढंच सांगितलं. गळती मीच थांबवल्याचं ग्रामसभेनंतर सांगून त्यांना खूश करणार होतो.

सव्वीसच्या सकाळी सोसायटीचं झेंडावंदन आटपून मी बशीरभाईंकडे चहा पीत होतो. त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर टाकला. कमळ होती, आणि कमळ चिडली होती.

"चाचा, कालपासनं टाकी कोरडी हाय! दोन दिस झालं पंप गप पडलाय. बाया हंडं घेऊन वढ्यावर उतरल्यात, आनि मला शिव्या घालतात. म्याच सांगितलं होतं ना सगळ्यांना, चाचावर भरवसा ठेवा म्हनून!"

"दोन दिवस? मग फोन का नाय केला?"

"केला! तुमचा बंद व्हता!" (डॉक्टरने विश्रांती सांगितली होती, म्हणून नीताने तो बंद करून ठेवला होता.) "आनि पंपाला कोनीतरी दोरी बांधलीया. पाचर मारलीया."

"मग काढा ना ती!"

"हात लावायचा नाय म्हनलं व्हतं कोन?"

मी हातातला कप हळूच खाली ठेवला. बशीरभाईंनी एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. "दोरी कसली हाय?" त्यांनी फोनमध्ये विचारलं.

"निळी. नायलॉनची."

मी म्हणालो, "बशीरभाई, ती गळत होती."

त्यानंतर पनवेल ते वाडी ह्या सबंध रस्त्यात, गाडी मी चालवत असताना, बशीरभाई जे बोलले ते मला लिहिता येणार नाही. अर्धं उर्दूत होतं. उरलेलं उरणच्या बोलीत होतं, तेही कुटुंबात वाचण्यासारखं नव्हतं. मध्येच ते थांबायचे, मला वाटायचं संपलं, आणि मग, "बारा भाग! बारा भाग सांडायला पायजेत, सांगितलं होतं का नाय? मान कशाला डोलावली? मान हाय का पंखा?" असं पुन्हा सुरू व्हायचं. त्यांचं सगळं बरोबर होतं. मला माझाच इतका राग आला होता, की त्यांच्या शिव्या कमी वाटत होत्या.

ग्रामसभा शाळेच्या ओट्यावर भरली होती. ग्रामसेवक, शंभरएक माणसं, एका बाजूला वाडीच्या बायका, आणि खुर्चीत शेठचा मॅनेजर. आम्ही पोचलो तेव्हा तो उभा राहून बोलत होता. "मी काय सांगत होतो? पंप म्हणे! जुन्या सिलिंडरचं खेळणं ते. दोन दिवसांत गळपटलं. शेठचा टँकर पक्का. सह्या करा, उद्यापासून गाडी सुरू."

बायका खाली बघत होत्या. एकीने तर पदर सावरून अंगठ्याला शाई लावायची तयारी केली होती.

"गळपटला नाय!" मागून बशीरभाई गरजले. "बंद पाडला त्याला!"

सभा चवताळून उठली. सगळ्यांच्या माना मॅनेजरकडे वळल्या. "तुमीच पाडला!" "रात्री मानसं पाठवली असतील!" "काढा ह्याला बाहेर!" दोन तरुण खुर्चीपर्यंत पोचलेही. मॅनेजरचा गॉगल नाकावरून घसरला. शपथेवर सांगतो, त्या क्षणी मी गप्प बसलो असतो आणि बशीरभाई गप्प बसले असते, तर ती सभा आम्ही तिथल्या तिथे जिंकलो असतो. मी गप्पच होतो.

"त्याला सोडा," बशीरभाई म्हणाले. "त्यानं नाय केलं. ह्यानं केलं." आणि त्यांनी माझ्या पाठीत बोट खुपसून मला पुढे ढकललं. "हा माझा शेजारी. शिकलेला मानूस हाय. पानी वाया जातंय म्हनून ह्यानं पंपाचा गळा आवळला."

क्षणभर कोणाला काही कळेना. मग मागच्या बाजूला कोणीतरी हसलं, आणि शाळेचे पत्रे वाजतील इतकी सभा हसली. मॅनेजरही हसला, सुटकेने असेल. मी हात जोडून उभा. इतक्या लोकांना मी आयुष्यात कधी हसवलं नव्हतं.

बशीरभाई हसले नाहीत. हसू ओसरल्यावर ते बायकांकडे वळले. आवाज तोच, चिडलेला. पण ह्या वेळी चीड दुसऱ्या कोणावर नव्हती.

"ह्याची अक्कल कमी, तो ह्याचा गुन्हा. पन पाचर दिसत होती, काढायला हात होते, आनि तुमी काढली नाय. का? मी दम दिला होता म्हनून. दोन दिवस तुमी हंडे उचलले ते माझ्या तोंडामुळं. तो गुन्हा माझा."

कमळ उभी राहिली. पदर खोचून, बाजारात उभी असते तशी.

"गुन्हा तर हाय. मंग दंड भरा. पंप आमाला शिकवा. झडप काय, दनका काय, समदं. आनि तो पाना आमच्याकडं ऱ्हाईल."

"तुमच्याकडं? अरे, तुमी तो…"

"चाचा."

बशीरभाईंनी खाकी पिशवीत हात घातला. पाना बाहेर काढायला त्यांना फार वेळ लागला. मग तो त्यांनी तिच्या हातात दिला आणि लगेच ओरडले, "असा नाय धरायचा! उलटा हाय!"

सगळी सभा ओढ्यावर उतरली. पाचर कमळने काढली. बशीरभाई एका दगडावर बसून, पट्टीवाला डोळा हाताने झाकून, हुकूम सोडत होते. "दाब. सोड. अगं सोड म्हनलं की सोड, नवऱ्याचा कान हाय का तो! दाब. सोड." पाचव्या दाबाला झडपेने तिचा हात झिडकारला आणि स्वतःच आपटली. ठक्. ठक्. ठक्. खालून भसाभसा पाणी सांडायला लागलं. एवढं वाया जाणारं पाणी बघून मला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

मॅनेजरने शेवटचा प्रयत्न केला. "पण बाई, टँकर…"

"टँकर शेठच्या मर्जीनं येनार," कमळ हात पुसत म्हणाली. "शेठ रुसला, गाडी बिघडली, डायवर गावाला गेला, की आमी बसलो. ह्यो वढा कोनाला इचारून येत नाय. सही नाय मिळनार." ग्रामसेवकाने तसं वहीत लिहून घेतलं.

पाऊण तासाने वरून हाळी आली: "आलं! आलं!" मग सगळे चढू लागले. बायका, पोरं, ग्रामसेवकसुद्धा. टाकीत पडणारी धार बघायला. मीही निघालो, आणि बघतो तर बशीरभाई दगडावरच.

"चला ना वर. आपला पंप आहे."

"तुमी जा."

"डोळ्यामुळे? मी हात धरतो."

"डोळ्याचं काय नाय." ते पंपाकडे बघत होते. "मी टाकीपाशी कवाच नाय गेलो."

मला खरं वाटेना. चार महिने हा माणूस इथे राबला, पाइपाचा एकेक सांधा स्वतः बसवला, आणि पाणी जिथे पडतं ती टाकी त्याने बघितलीच नाही?

"वरचा पाइप पोरांनी जोडला. मी खालून सांगितला." मग त्यांनी ओढ्यातला एक खडा उचलून पाण्यात फेकला, जोरात, रागाने. "मी तिथं अख्ख्या शहराला गोडं पानी पाजत होतो, साळवी. सत्तावीस वर्षं. सुट्टीवर यायचो तवा घरात मटका भरलेला असायचा. मी प्यायचो. कुठून येतं, कधी विचारलं नाय. खैरून गेली, मयताला माझी साली आली होती, तिनं सांगितलं. दीड मैल. रोज. पोटात पोर असताना बी. ती मला कवा बोलली नाय, आनि मी, हेड किती, हेड किती करत जगभर…" त्यांनी आणखी एक खडा उचलला, पण फेकला नाही. "वर बाया धारेखाली हंडे लावून हसत असतील. मला नाय बघवत ते. तुमी जा."

मी गेलो नाही. त्यांच्या शेजारी दुसऱ्या दगडावर बसलो. त्यांनी साळवी म्हटलं होतं, सेक्रेटरी नाही.

थोड्या वेळाने पायवाटेवरून कमळ उतरताना दिसली. उतार मोठा, पायाखाली मुरूम सुटा, आणि ती दोन्ही हातांत काहीतरी धरून पाऊल जपत जपत येत होती. जवळ आली तेव्हा दिसलं, पितळेचा तांब्या होता, गळ्यापर्यंत भरलेला.

"टाकीतलं हाय," ती म्हणाली. "पहिलं तुमी प्या, चाचा."

बशीरभाई ताडकन उभे राहिले. "अगं बावळट! साठ फूट चढवलंय ते पानी मी! आनि तू खाली घेऊन आलीस? वढा हाय इथं समोर, दिसत नाय? एवढी मेहनत, आनि…"

"प्या की," कमळ म्हणाली.

त्यांनी तिच्या हातून तांब्या घेतला. बसले. चष्मा काढून दगडावर ठेवला. आणि ओढ्याकडे पाठ करून, दाढीवर एक थेंब सांडू न देता, सगळा तांब्या प्यायले.